मायला कोणता समुद्र दाखवायचा

द्वारकाबाईंची खानावळ, ता. दापोली
९ नोव्हेंबर २०२५

ताईस आदूचा नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी होडीच्या पोटाखाली उताणा पडून डांबर फासत होतो. द्वारकाबाई वरूनच ओरडल्या, तुझ्या बहिणीचं पत्र आलंय, कुणी गेलं का काय बघ. द्वारकाबाई म्हणजे माझी सध्याची मालकीण. त्यांच्या खानावळीत राहतो, जेवतो आन सांगतील ते काम करतो. कुणी गेलं नाय म्हणल्यावर त्या जरा नाराजच झाल्या.

फोनचं म्हणशील तर तो ऑगस्टातच खाडीत गेला. नवा घेतला नाय. फोन नसला की माणूस कुठं हाय ते माणसालाच माहीत असतं, हे मला लई आवडलंय. तुला राग येईल, पण खरं ते लिहिलं.

तर जानेवारीच्या आत माय, आबा, तू आन दाजी समुद्रावर यायचं म्हणताय. कोणता समुद्र चांगला ते मी सांगायचं. आबा समुद्रावर? मेंढरांशिवाय आबा कन्नड तालुक्याच्या पलीकडं गेलेले मी तरी बघितले नायत. काय झालं काय त्यांना?

बरं, समुद्र. एक हाय तो कड्याखाली. दोनशे चाळीस पायऱ्या उतरायच्या, पण खाली गेलं की वाळू अशी की पाय ठेवायची लाज वाटावी. दुसरा खाडीपलीकडं. होडीतून उतरून कोसभर चालायचं. तिथं एक म्हातारा जाळी विणतो, त्याला डाव्या हाताला दोनच बोटं, पण गाठ मारतो तर बघत राहावं. मी त्याच्याकडं आठ दिवस शिकायला जात होतो. मग त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं, मी मांडवाच्या कामाला गेलो आन गाठ अर्धीच राहिली. तिसरा समुद्र कोणता लिहिणार होतो ते विसरलो. आठवलं की कळवतो.

मायला म्हणावं, रोज सकाळी दोन शहाळी मी स्वतः झाडावर चढून काढून देईन. पाणी पीत बसायचं, दुसरं काय काम नाय.

तुझा,
आदू

*

चिकलठाणा
२१ नोव्हेंबर २०२५

आदू,

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा दोन बोटांच्या म्हाताऱ्यावर हसले. शहाळ्याचं आलं तेव्हा माय उठून आत गेली. हे उत्तर मी शेजारी सगीरावहिनींच्या ओट्यावर बसून लिहितेय.

मायच्या दोन्ही किडन्या गेल्यात. जूनपासून डायलिसिस चालू आहे, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सातचा नंबर. म्हणूनच दोघं देवगाव सोडून माझ्याकडे आलेत. मेंढरं रामकिसनकाकांकडे दिली. तुला कळवायचं नाही अशी मायनं मला शपथ घातली होती. का, तर तू घाबरून आणखी लांब जाशील. आज मी ती मोडली.

तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, वरण आलं. सकाळी मी बाटली भरून देते आणि ती दिवसभर त्या बाटलीकडे बघत घोट घेते. शहाळं तर तिला विष आहे. मीठ नाही. चार पायऱ्या चढली की दम लागतो. हातावर सुया टोचायला नस फुगवलीय, तिला कान लावला तर आत गिरणी चालल्यासारखी घरघर ऐकू येते. आबा रोज झोपायच्या आधी कान लावून बघतात.

दवाखान्यात तिच्या खाटेसमोर भिंतीवर समुद्राचा एक मोठा फोटो आहे. चार तास तेच बघत ती पडलेली असते. हा कुठला, असं तिनं सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग एक दिवस आबांना म्हणाली, एवढं पाणी खरंच असतं का, ते एकदा बघून येऊ. तिनं जन्मात काही मागितलेलं मला आठवत नाही. तुला आठवतं का?

तर आता नीट वाच. पायऱ्या नकोत. होडी नको. गाडी पाण्याजवळ गेली पाहिजे. गुरुवारी नंबर झाला की शुक्रवारी निघायचं आणि रविवारी परत यायचं. सगीरावहिनींचे भाऊ जुनेद स्वतःची गाडी घेऊन यायला तयार आहेत.

आणि तुला यावं लागेल. आबांचं डोकं अजून मेंढरांतच आहे. तळ हलवायच्या आधी एक माणूस पुढं जाऊन चारापाणी बघून येतो आणि मग तोच कळपाच्या पुढं चालतो, नुसत्या निरोपावर कळप हलवायचा नसतो, हे तुला मी काय सांगू. आबा म्हणतात, आदू बघून येईल, आदू पुढं चालेल, मग निघू. तीन वर्षं लोक तुझं विचारतात तेव्हाही ते हेच सांगतात. पोरगं पुढं गेलंय.

योगिनी

*

द्वारकाबाईंची खानावळ
५ डिसेंबर २०२५

ताई,

पत्र वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण हातात लेखणी धरली की दुसरंच काय तरी करावंसं वाटायचं. खानावळीचं सगळं छप्पर शाकारून झालं माझं. द्वारकाबाई म्हणाल्या, तुला काय झालंय, न सांगता काम करतोयस.

त्यांना सांगितलं. मग आम्ही एक केलं. द्वारकाबाईंचे गुडघे गेलेत, वजन म्हणशील तर दोन माणसांचं. मी म्हणलं, जिथं तुम्ही जाल तिथं माझी माय जाईल. मग रोज दुपारी त्यांना स्कूटरवर मागं बसवून एकेक किनारा बघायला लागलो. गाडीपासून वाळूपर्यंत पावलं मोजायची. वाळूत पाय किती रुततो ते बघायचं. बसायला सावली कुठं, आडोसा कुठं. त्या प्रत्येक ठिकाणी मला शिव्या घालत उतरायच्या आन एकदा बसल्या की उठायला तयार नसायच्या. पन्नास वर्षं इथं राहते, म्हणाल्या, पण समुद्राकडं बघत कधी बसले नाय, मासे कापण्यातच गेलं.

तीन वर्षं ह्या किनाऱ्यावर हिंडतोय मी. कुठल्या खडकावर कालवं लागतात ते माहीत, कुठल्या देवळात दुपारी झोपू देतात ते माहीत. आन आपल्या मायला एका जागी नेऊन बसवायचं म्हणलं तर माझ्याकडं एक जागा नाय.

पण सापडली. मुरुड आन कर्द्याच्या मधी रस्ता समुद्राला लागूनच जातो. गाडीतून उतरायचं आन बावीस पावलांवर वाळू. द्वारकाबाईंची बावीस, मायची तीस धर. सुरूची झाडं हायत. तालुक्याला दवाखाना हाय. लांब पडेल, बारा तास, पण तीन दिवसांत बसतंय.

मी येतो. पंधरा तारखेच्या आत दारात उभा राहतो. आबांना सांग, जागा बघितलीय.

तिची ती नस दुखती का गं?

आदू

*

चिकलठाणा
२८ डिसेंबर २०२५

आदू,

पंधरा तारीख गेली. दहापासून एकोणीसपर्यंत आबा रोज दुपारी नाक्यावर जाऊन बसत होते. पुण्याकडून आलेल्या गाड्या सिडकोच्या स्टँडवर थांबतात, इथं नाही, हे तुझ्या दाजींनी, राजकुमारांनी, त्यांना चारदा समजावलं. ऐकून घेतात आणि जातात. घोंगडी आणि पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. मी उचलून आत ठेवली की परत बाहेर आणून ठेवतात.

एकोणीसला मायच्या छातीत पाणी भरलं. आडवं होता येईना. बसून बसून रात्र काढली आणि पहाटे जुनेदभाईंनी गाडीत घालून नेलं. पाच दिवस दवाखान्यात होती. आता डायलिसिस आठवड्याला तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधे उरतात ते शनिवार आणि रविवार. डॉक्टरांना मी हात जोडून विचारलं. ते म्हणाले, शनिवारी जा, रविवारी रात्री घरात पाहिजेत, सोमवारी सातला खाटेवर. नंबर चुकला तर परत छातीत पाणी. जानेवारीत एकदा जाऊन या, पुढचं मी सांगू शकत नाही.

तेव्हा बावीस पावलांचा तुझा समुद्र आता लांब झाला. जुनेदभाई म्हणतात, आठ तासांत अलिबाग होतं, त्यांनी दोनदा लोकांना नेलंय. आबा नाही म्हणतात. जुनेद गाडीचा माणूस, जागा आदूनं बघितली पाहिजे.

मायला मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलंय, की तुझं काम संपलेलं नाही. ती म्हणाली, त्याचं काम कधी संपलंय? आणि हसली. मला ते हसू बघवलं नाही.

तू कुठं आहेस?

योगिनी

*

द्वारकाबाईंची खानावळ
९ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पत्र इथं येऊन पडलं होतं, मी आज आलो. शिव्या दे.

तेराला निघालो होतो. शपथेवर सांगतो. महाडच्या स्टँडवर एक टेम्पोवाला भेटला, त्याचा जोडीदार तापानं पडला होता, मासळी घेऊन कारवारला जायचं होतं. दोन दिवसांचं काम. मी म्हणलं दोन दिवसांनी काय बिघडतंय. तिकडं टेम्पो बिघडला.

हे असं लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू तिकडं मायला घेऊन बसलेली आन मी तुला हे लिहू? टेम्पो चार दिवसांत नीट झाला. पुढचे दिवस माझे. कारवारला एक सर्कस आली होती, तिच्या तंबूच्या दोऱ्या बांधत होतो. मला दोऱ्या बांधता येतात. मायकडं बघता येणार नाय. तुझ्या पत्रात ती बाटलीकडं बघते असं लिहिलंयस ना, तेवढं वाचलं की माझे पाय उलटे फिरतात. घरात शिरल्यावर मी बसू कुठं, हात कुठं ठेवू, तिला काय विचारू?

पण आता येतोच. अलिबागला नका जाऊ. मी तिथं गेलेलो नाय, पण लई गर्दी म्हणतात. त्याच्या अलीकडं-पलीकडं शांत जागा हायत, मी वाटेत उतरून बघून येतो. तेवीस जानेवारी, शुक्रवार, वसंत पंचमी. त्या दिवशी दुपारी घरात. शनिवारी सकाळी सगळे निघू, मी जुनेदभाईच्या शेजारी पुढं बसतो. आबांना सांग.

ह्या वेळी नाय आलो तर मला पत्र लिहू नको.

आदू

*

चिकलठाणा
२४ जानेवारी, शनिवार, सकाळ

आदू,

ही चिठ्ठी सगीरावहिनींकडे ठेवतेय. आलास तर देतील.

काल दुपारी एकपासून अंधार पडेपर्यंत आबा नाक्यावर होते. आज सकाळी सातला मायनंच लुगडं बदललं आणि गाडीत जाऊन बसली. आबा दारात उभे. बघणारा पुढं नसताना कसं हलायचं, म्हणाले. माय गाडीतूनच बोलली, "तुमचं पोरगं येईल तवा येईल. माझ्याकडं तेवढे दिवस नायत. बसा."

आबा बसले.

आज रात्री पुण्यात जुनेदभाईंच्या मावशीकडे मुक्काम. उद्या सकाळी अलिबाग. बाराला परत फिरायचं. राजकुमारांना सुट्टी मिळाली नाही, ते पाळीवर गेलेत. किल्ली त्यांच्याकडे आहे.

मला तुझा राग येत नाही आता. तेवढी ताकद नाही.

योगिनी

*

तुझ्या शेजारच्या ओट्यावरून
२५ जानेवारी, रविवार

ताई,

आज तू घरी पोचशील तेव्हा मी समोर असेन. पण समोर मला बोलता येत नाय, म्हणून लिहून ठेवतो. आधी कबूल करायचं ते करतो.

मी शुक्रवारीच आलो होतो. स्टँडवरून जालन्याच्या गाडीत बसलो, चिकलठाण्याचं तिकीट काढलं. चार वाजले असतील. नाक्यावर गाडी थांबली आन खिडकीतून आबा दिसले. कट्ट्यावर बसलेले, मांडीवर घोंगडी. उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघत होते. केवढे वाळलेत गं. मी खाली वाकलो. समोरच्या सीटच्या मागं डोकं घातलं. गाडी हलली. करमाडला कंडक्टरनं उतरवलं, म्हणाला, तुझं तिकीट कवाच संपलं. काल दिवसभर मी करमाडलाच होतो. एका हॉटेलात भजी तळली. इथून वीस किलोमीटरवर, ताई.

आज सकाळी चालत निघालो. दहा-साडेदहाला इथं पोचलो तर कुलूप. सगीरावहिनी कपडे वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हातातला कपडा तसाच बादलीत टाकला. "अब आया क्या तू," एवढंच म्हणाल्या. चिठ्ठी दिली, चहा दिला. मग त्यांनीच जुनेदभाईला फोन लावला.

तू तेव्हा मायजवळ वाळूत होतीस. आबा आन जुनेदभाई वर कठड्यापाशी. म्हणून आमचं काय बोलणं झालं ते तुला ठाऊक नसंल.

जुनेदभाई म्हणाला, समंदर नहीं है. मी म्हणलं म्हणजे काय. म्हणाला, सगळा चिखल हाय, पाणी पार तिकडं लांब, रेघ दिसती नुसती. दोनदा आलो तेव्हा गाडीतच झोपलो होतो, मला काय माहीत. अम्मा खुर्चीत बसल्यात, चिखलातून खुर्ची पुढं जात नाय. विचारतायत, भिंतीवरचा तो हाच का.

ताई, ओहोटी. समुद्र दिवसातून दोनदा मागं जातो आन दोनदा येतो, हे मी तुला एका पत्रात लिहिलं नाय. सर्कशीचं लिहिलं, म्हाताऱ्याच्या बोटांचं लिहिलं. हे लिहायचं सुचलंच नाय. तीन वर्षं रोज बघून ते मला उजेड-अंधारासारखं झालं होतं. आन आपल्यात कुणाला माहीत असणार? आपलं पाणी आटतं, दुपारी उठून जाऊन संध्याकाळी परत येत नाय.

सगीरावहिनींच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. आज रथसप्तमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, द्वारकाबाईंनी शिकवलेलं. साताची पाऊणपट सव्वापाच. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे अकराला, पाणी सगळ्यात लांब. तुम्ही नेमके अकराला पोचलात. बाराला निघायचं. त्यात सप्तमीचं पाणी मरतुकडं, अमावास्येसारखं धावत येत नाय.

फोन आबांच्या हातात आला. तीन वर्षांनी आवाज ऐकला. कुठं हायस, कधी आलास, काय नाय. विचारलं, "हे पाणी तू बघितलेलं हाय का?"

मी म्हणलं, "नाय आबा."

मग म्हणाले, "मग सांग. थांबू का हलू?"

मी न बघितलेल्या जागेवर त्यांनी माझ्या शब्दावर तळ ठेवायचा ठरवला होता. पुरी भरती होईपर्यंत थांबलात तर पाणी येईल, पण घरी पोचायला मध्यरात्र, आन सकाळी सातचा नंबर. हललात तर मायनं चिखल बघितला. मी इथं ओट्यावर, हातात वहिनींचा फोन. मी म्हणलं थांबा. दोन वाजेपर्यंत थांबा, निम्मं तरी येईल.

मग अडीच तास मी काय केलं ते विचारू नको. वहिनींची सगळी भांडी घासली. त्यांनी घासलेलीच होती.

दोनला परत लावला. जुनेदभाईनं उचलला. "पानी आरा, आदूभाई. पर अम्मा का दम बी चढरा." पाणी साठ-सत्तर पावलांवर आलंय म्हणाला. मायला बोलताना मधे थांबावं लागतंय. तू पदरानं वारा घालत होतीस, तेही सांगितलं.

अजून तासभर बसली तर पाणी तिच्या पायाला लागलं असतं. हे मला इथून दिसत होतं, ताई, कुणी समोर धरल्यासारखं. आबांनी फोन घेतला आन परत तेच विचारलं. मी म्हणलं, हला. आत्ता उचला तिला आन निघा.

आबा गेले असतील तिच्याकडं, फोन कानालाच होता. वारा, पोरांचा आरडाओरडा, मग तुझा आवाज, मायचा नाय. मग आबा हळू बोलले, "ती उठत नाय."

मी म्हणलं आबा, उचला.

"म्हणती, येतंय ते. मी बघतीय ना, येतंय."

मग फोन गेला. त्यानंतर वहिनींनी सात वेळा लावलाय. वाजतो, कुणी उचलत नाय. उचलत नाय म्हणजे ती पाण्यात पाय घालून बसलीय, का तुम्ही तिला गाडीत घालून तिकडंच कुठला दवाखाना शोधताय, का नुसते रस्त्यावर हायात, मला कळायला काय मार्ग नाय. दोन्ही शब्द मीच दिलेले. थांबा पण आन हला पण.

मी इथंच बसलोय. दाजी पाळीवरून आले की त्यांना विचारून दवाखाना कुठं ते बघून ठेवतो. उद्या साताच्या आधी मायच्या खाटेपाशी जाऊन उभा राहतो. उशीर झाला तर ती जागा कुणाला देऊ देणार नाय. दुसरं काय माझ्या हातात हाय?

वहिनी म्हणतात जेवून घे. ह्या ओट्यावर ऊन तिरपं झालंय. सव्वापाच वाजले. तिथं पाणी आता पुरं भरलं असंल.

आदू